टॅब कोणत्या तासाला?

महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर आणि पाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुतेक वेळा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी असे चार वर्ग. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं, असंही त्याच अनुसूचीत आहे. या दोन तरतुदी शेजारीशेजारी ठेवून हिशेब मांडला, तर एका शिक्षकाच्या वाट्याला दोन इयत्ता येतात आणि एका इयत्तेला शिक्षक प्रत्यक्ष मिळतात ते ८०० पैकी साधारण ४०० तास. उरलेले ४०० तास मूल वर्गातच असतं, हजेरीपटावर हजर असतं, पण गुरुजी किंवा बाई शेजारच्या इयत्तेला शिकवत असतात. या वेळात फळ्यावरचं उतरवून घेणं, पाढे लिहिणं, धडा मनातल्या मनात वाचणं आणि वाट पाहणं चालतं. कसलेले शिक्षक दोन इयत्तांचा पाठ एकत्र गुंफून, चौथीच्या मुलांना पहिलीच्या मदतीला बसवून हा वेळ बराचसा सावरतात. तरीही त्यातला मोठा भाग हातून निसटतोच. डिजिटल शिक्षणाची चर्चा आपण सहसा उपकरणापासून सुरू करतो. माझ्या मते ती या ४०० तासांपासून सुरू व्हायला हवी. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांमधून एकच गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते: उपकरण कोणतं आहे यापेक्षा ते शाळेच्या दिवसात कोणत्या वेळी आणि कशाच्या जागी वापरलं, यावर मुलांचं शिकणं जास्त अवलंबून असतं.

उपकरणांची हौस आपल्याकडे नवी नाही आणि ती फुकटही गेलेली नाही. मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती करणारी ‘बालचित्रवाणी’ पुण्यात १९८४ मध्ये उभी राहिली. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या एका पिढीला तिचे कार्यक्रम अजून आठवतात. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याआधी, २०१५ मध्ये, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यात ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगावी पोचला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची शाळा पाहायला लांबलांबून शिक्षक जाऊ लागले. गावांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टीव्ही आणि टॅब आणले. ज्या गावात दर उन्हाळ्यात मजुरीसाठी स्थलांतर होतं, तिथल्या लोकांनी शाळेसाठी पैसे काढले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांपर्यंत गेली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ पासून आहेच. पण देशभरचं चित्र पाहिलं तर २०२३-२४ च्या ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या सरकारी आकडेवारीनुसार संगणक असलेल्या शाळा ५७.२ टक्के आणि इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के होत्या. हे आकडे आपण प्रगतीचे म्हणून वाचतो. शाळेत संगणक आहे, एवढंच ते सांगतात. तो कुलूपबंद कपाटात आहे, मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे की चौथीच्या मुलांच्या हातात आहे, हे त्यातून कळत नाही.

नुसतं उपकरण हातात दिलं तर काय होतं, याची सगळ्यात मोठी चाचणी दक्षिण अमेरिकेत पेरूमध्ये झाली. प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप द्यावा, मूल स्वतःच शोध घेत शिकेल, अशी कल्पना घेऊन २००५ च्या सुमारास एक जागतिक मोहीम निघाली होती. भारतात तिची पहिली चाचणी रायगड जिल्ह्यातल्या खैराट या गावच्या छोट्याशा शाळेत २००७ मध्ये झाली. पेरूच्या सरकारने मात्र ती कल्पना देशभर राबवली, आणि तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. लॅपटॉप मिळालेल्या शाळांमध्ये मुलामागे एकाहून जास्त संगणक होते; न मिळालेल्या शाळांमध्ये आठ-नऊ मुलांमागे एक. सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषेच्या चाचण्यांत दोन्ही प्रकारच्या शाळांतली मुलं सारखीच निघाली. आकृत्यांवरून तर्क करण्याच्या चाचणीत लॅपटॉपवाल्या मुलांना थोडा फायदा दिसला, तो नाकारायचं कारण नाही. पण वर्गात शिकवण्याची पद्धत तीच राहिली होती. लॅपटॉप शाळेच्या दिवसात कुठे बसवायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं.

याच्या अगदी उलट निकाल देणारा प्रयोग आपल्या शेजारी, वडोदऱ्यात झाला. गुजरात सरकारने २००० मध्ये तिथल्या महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा फारच थोड्या शाळांत मुलं ते प्रत्यक्ष वापरत होती. मुंबईत १९९५ पासून काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने त्या संगणकांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शाळेच्या वेळेत आणि एक शाळेच्या आधी किंवा नंतर. खेळ मुलाच्या उत्तरांनुसार सोपा-अवघड होत जाई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी हा प्रयोग तपासला. त्यांचा निबंध २००७ मध्ये आला. त्यातले निष्कर्ष संख्याशास्त्राच्या भाषेत आहेत, ते साध्या भाषेत असे सांगता येतील: गणिताच्या गुणांनुसार १०० मुलांची रांग लावली आणि त्यात बरोबर मधोमध असलेलं एक मूल घेतलं, तर या कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते १८ मुलांना मागे टाकून साधारण अडुसष्टाव्या जागी पोचलं. प्राथमिक शिक्षणातल्या प्रयोगांमध्ये एवढी झेप क्वचित दिसते. मात्र दोन गोष्टी त्याच अभ्यासात आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय हा निकाल सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. भाषेच्या गुणांत काहीही फरक पडला नाही. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तेच मूल रांगेत चोपन्नाव्या जागेच्या आसपास उरलं. म्हणजे कमावलेल्यातलं बरंच ओसरलं.

माझ्या मांडणीचा सगळ्यात भक्कम आधार मात्र तिसरा अभ्यास आहे. तो ली लिंडेन यांनी गुजरातेतच, ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांमध्ये केला आणि २००८ मध्ये लिहून प्रसिद्ध केला. ज्ञानशालेचे वर्ग दिवसाला तीन तास चालतात आणि त्यातली मिनिटन्‌मिनिटं आखलेली असतात. शिक्षिका फारशा शिकलेल्या नसल्या तरी पाठाची रचना इतकी पक्की असते की मुलं चांगली शिकतात. गणिताचे संगणकीय खेळ या वर्गांमध्ये दोन प्रकारे आणले गेले. काही केंद्रांमध्ये रोजच्या तीन तासांपैकी एक तास शिक्षिकेच्या शिकवण्याऐवजी संगणकाला दिला. काही केंद्रांमध्ये नेहमीचा वर्ग तसाच ठेवून, शाळेआधी किंवा शाळेनंतर संगणकाचा जादा तास दिला. संस्था तीच, खेळ तेच, यंत्रंही तीच. जिथे जादा तास मिळाला तिथे रांगेच्या मधलं मूल एकसष्टाव्या जागी गेलं, आणि सगळ्यात कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. जिथे शिक्षिकेचा तास काढून घेतला तिथे तेच मूल अठ्ठाविसाव्या जागी घसरलं. आपल्या राज्यात शाळांसाठी उपकरणं खरेदी करण्याचे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल पुन्हापुन्हा वाचावा असं मला वाटतं. चांगल्या शिकवण्याच्या जागी बसवलेलं यंत्र निरुपयोगी ठरतं एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. ते नुकसान करतं. आणि तेच यंत्र, जिथे काहीच होत नव्हतं त्या वेळात बसवलं, तर मागे पडलेल्या मुलाला वर उचलतं.

असं का होतं हे समजून घेतलं की आपल्या दोन-शिक्षकी शाळेचा विचार सोपा होतो. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. म्हणजे तिसरीच्या वर्गात काही मुलं गोष्टी वाचतात, काही जोडाक्षरापाशी अडतात, काहींना शब्द जमतो पण वाक्य जमत नाही आणि काही अजून अक्षरांशी झगडत असतात. फळ्यावरचा पाठ या सगळ्यांसाठी एकच असतो. प्रोजेक्टरवरची चित्रफीतही एकच असते; रंगीत असते, गाणं असतं, मुलं खिळून बघतात, पण जो हातच्याची वजाबाकी विसरला आहे त्याच्यासाठी ती थांबत नाही. प्रोजेक्टरमुळे फळा मोठा आणि देखणा होतो, त्याची चाल बदलत नाही. जलचक्र, समुद्राची भरती, चंद्राच्या कला, लांबच्या प्रदेशातले प्राणी अशा, शब्दांतून डोळ्यांपुढे न येणाऱ्या गोष्टी दाखवायला तो उत्तम आहे आणि परिसर अभ्यासाच्या तासाला तो जरूर वापरावा. पण वाचन आणि गणिताची अडचण दाखवण्याने सुटत नाही. तिथे मुलाला त्याच्या पातळीचं काम, चुकल्याबरोबर मिळणारी दुरुस्ती आणि पुन्हा करून पाहण्याची संधी लागते. एकट्या शिक्षकाला ३० मुलांना हे रोज देता येत नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेबाहेरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरून झालेल्या अभ्यासात सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, असं आढळलं. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला तो आहे तिथून उचललं आणि साडेचार महिन्यांत मधलं मूल रांगेत चौसष्टाव्या जागी गेलं. ही मुलं प्राथमिक वर्गांतली नव्हती, पण मर्म तेच आहे: यंत्राचा उपयोग झाला तो वर्गाची एकसमान चाल मोडण्यासाठी, आणि तोही नेहमीच्या वर्गाव्यतिरिक्तच्या वेळात.

आता पाड्यावरच्या शाळेत परत येऊ. बाई तिसरीला भागाकाराची कल्पना समजावून सांगत आहेत; त्यासाठी चिंचोके वाटले आहेत, मुलं गट करत आहेत, बाई फिरून बघत आहेत. हा वेळ यंत्राला देऊ नये. त्याच वेळी त्याच खोलीत चौथीची मुलं आहेत. त्यांच्या हातात या ४० मिनिटांसाठी चार-पाच टॅब असावेत, एका टॅबवर दोन मुलं, आणि त्यांनी काल शिकलेल्या गुणाकाराचा सराव आपापल्या पातळीवर करावा. पुढच्या तासाला बाई चौथीकडे वळल्या की टॅब तिसरीकडे यावेत. यात इंटरनेटची गरज नाही. आशय आधीच भरून ठेवता येतो. सगळ्या मुलांना पुरतील एवढ्या टॅबची गरज नाही, कारण दोन मुलं मिळून एका पडद्यावर काम करतात तेव्हा ती एकमेकांशी बोलतात, भांडतात, समजावून सांगतात, आणि वडोदऱ्यातली झेप अशा जोड्यांनीच घेतली होती. दिवसाच्या शेवटी कोण कुठे अडलं याची यादी बाईंना मिळाली, तर दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं कुणाबरोबर बसायचं हे त्यांना कळेल. कुठल्याही खर्चिक पॅनेलपेक्षा ही दहा मिनिटं मुलाला जास्त देऊन जातात. या मांडणीत नवं यंत्र कुठलंच नाही. लागणारी उपकरणं बऱ्याच शाळांमध्ये आधीपासून पडून आहेत. नवं आहे ते वेळापत्रक, आणि ते कागदावर लिहून वर्गाच्या भिंतीवर लावायला पैसा लागत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र मला इतकी खात्री वाटत नाही, आणि वडोदऱ्याचा निकालही तेच सांगतो. गणिताचं उत्तर यंत्राला तपासता येतं. १७ गुणिले ६ चं एकच उत्तर असतं. वाचायला शिकणारं मूल मोठ्याने वाचतं, अडखळतं, अंदाज करतं, आणि ऐकणाऱ्याला ते अडखळणं समजावं लागतं. मुलाचं मोठ्याने वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप २०१९ पासून भारतात आली आणि पुढे मराठीतही मिळू लागली. ती उपयोगी ठरू शकतात. पण ज्या मुलाच्या घरी वारली, कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलतात त्याचा उच्चार आणि चूक यांतला फरक ओळखायला आजही तिथलीच बाई लागते. देवनागरीचं स्वतःचं एक वेगळं काम आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची रूपं घटक अक्षरांवरून ओळखू येत नाहीत. ही वळणं हाताने गिरवल्यावर डोळ्यांत बसतात. फ्रान्समधल्या बालवाडीच्या मुलांवर २००५ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, अक्षरं हाताने लिहून शिकलेल्या मोठ्या वयाच्या मुलांना ती टंकलिखित करून शिकलेल्यांपेक्षा अधिक चांगली ओळखता आली. लिपी वेगळी असली तरी हात आणि डोळा यांचं नातं तेच आहे. म्हणून पहिली-दुसरीत मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल, खडू, वाळू, चिंचोके आणि गोष्टीची पुस्तकं असावीत. पडदा तिथे शिक्षकाने दाखवायची गाणी, गोष्टी आणि चित्रं यांच्यापुरताच असावा. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने बालशाळांपर्यंत पडदे नेले आणि २०२३ मध्ये सरकारला छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा खर्च करावा लागला. आपल्याला तो फेरा टाळता येईल.

यावर शिक्षकांकडून येणारा पहिला आक्षेप अनुभवातून आलेला असतो: टीव्ही आल्यापासून मुलं आनंदाने येतात, गैरहजेरी कमी झाली, इंग्रजी शाळेत गेलेली मुलं परत आली. हे खरं आहे आणि क्षुल्लक नाही. शाळेत येणारं मूलच शिकू शकतं, आणि गावाचा शाळेवरचा विश्वास परत आला तर तो कुठल्याही मार्गाने आला तरी स्वागतच आहे. फक्त उत्साह आणि शिकणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. नव्या वस्तूचं अप्रूप वर्षभरात ओसरतं; तोपर्यंत तिचा वापर वेळापत्रकात रुजलेला नसेल तर ती कपाटात जाते. वीजबिल थकून जोडणी तुटली, बॅटरी फुगली, दुरुस्तीसाठी निधीच नाही, या कारणांनी बंद पडलेले संच राज्यात जागोजागी आहेत. लोकवर्गणीतून वस्तू येते, तिची देखभाल येत नाही. म्हणून खरेदीच्या रकमेतच पाच वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद धरायला हवी.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. पुण्या-मुंबईतल्या मुलाला सगळं मिळतं, मग जव्हार-मोखाड्यातल्या मुलाला टॅब कमी आणि पाटी जास्त का सांगता? करोनाच्या काळात या विषमतेचा चटका आपण अनुभवला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, पालघर जिल्ह्यात काही पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. ‘असर’नुसार २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२२ मध्ये तो ७४.८ टक्के घरांत पोचला. त्याच काळात तिसरीच्या मुलांचं वाचन मात्र २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरलं. घरातल्या फोनांची संख्या दुप्पट झाली, पण शाळेची जागा फोनला घेता आली नाही. त्या काळातला सगळ्यात बोलका प्रयोग आफ्रिकेतल्या बोट्स्वानात झाला. तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या घरी साध्या फोनवर आठवड्याला गणिताचे लघुसंदेश पाठवले. नुसत्या संदेशांनी काही फरक पडला नाही. संदेशांबरोबर शिक्षकाने दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं फोन करून मुलाशी आणि पालकाशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा मुलं शिकली. त्याला स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेट लागलं नाही. जव्हारच्या मुलाला न्याय द्यायचा असेल तर त्याला शहरातल्या मुलासारखं उपकरण देऊन भागणार नाही. त्याच्या अडचणीकडे रोज लक्ष देणारं माणूस त्याला मिळायला हवं, आणि उपकरणाने त्या माणसाचा हात मोकळा करायला हवा.

इथेच तिसरा आणि सगळ्यात अवघड आक्षेप येतो. दोन इयत्तांना एक शिक्षक ही टंचाई आहे. तो रिकामा तास टॅबने भरून काढण्याची कल्पना म्हणजे टंचाईला मान्यता देणं नाही का? उद्या कुणी म्हणेल, टॅब आहेत, मग दुसरा शिक्षक कशाला? हा धोका काल्पनिक नाही, आणि त्याला माझं उत्तर पुराव्यातच आहे. ज्ञानशालेचा निकाल शिक्षक कमी करण्याच्या विरोधातला आहे. शिक्षकाचा वेळ यंत्राला दिला की मूल बावीस जागा खाली गेलं. वडोदऱ्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक कार्यक्रम तपासला होता: वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीला ‘बालसखी’ म्हणून नेमून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवणं. त्याचा खर्च तेव्हाच्या दरांनी मुलामागे वर्षाला १०७ रुपये आला, संगणकाच्या कार्यक्रमाचा ७२२ रुपये. दर रुपयामागे होणारं शिकणं पाहिलं तर बालसखी पाच ते सात पट सरस ठरली. म्हणजे पैसा मर्यादित असेल आणि माणूस की यंत्र असा प्रश्न असेल, तर प्राथमिक शाळेत आधी माणूस. यंत्राचा विचार करायचा तो माणूस आहे तिथे, आणि त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी असणं शक्य नाही अशा वेळेपुरता. बोलणारी आणि लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता आली आहे, ती मराठी शिकवेल, असं सांगितलं जातं. ती उद्या आणखी सुधारेल यात शंका नाही. पण तिलाही वेळापत्रकातली हीच जागा लागेल, आणि शिक्षिकेचा तास तिला दिला तर ज्ञानशालेतला निकाल बदलेल असं मानायला आज कोणताही आधार नाही.

यंत्र कुणाच्या हातात द्यायचं, याचं एक वेगळं उत्तर केनियातून येतं. किसुमू भागातल्या शाळांमध्ये वाचन सुधारण्याच्या एका कार्यक्रमात तीन प्रकार करून पाहिले: काही शाळांत मुलांना ई-वाचक यंत्रं दिली, काहींत शिक्षकांना टॅब दिले, काहींत शाळांना भेटी देणाऱ्या मार्गदर्शकांना टॅब दिले. तिन्हीकडे मुलांचं वाचन सुधारलं आणि तिन्हींच्या परिणामांत मोठा फरक नव्हता. खर्चात मात्र फरक फार मोठा होता, कारण एका मार्गदर्शकाकडे अनेक शाळा असतात. त्यामुळे २०१५ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘तुसोमे’ कार्यक्रमात टॅब मार्गदर्शकांकडे गेले. वर्गात बसायचं, दोन-तीन मुलांचं वाचन ऐकून नोंदवायचं, नोंदींवरून शिक्षकाशी बोलायचं, हे काम टॅबने सोपं केलं. आपल्याकडे हे काम करू शकेल असा माणूस आधीपासून आहे: आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख. त्यांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि जे आहेत त्यांचा वेळ माहिती गोळा करण्यात जातो. महाराष्ट्रात डिजिटल शिक्षणासाठी एकच निर्णय घ्यायचा झाला तर मी या जागा भरून त्या हातांत टॅब देण्याचा निर्णय सुचवेन.

आणि माहिती गोळा करण्याचा विषय निघालाच आहे तर तोही याच हिशेबात धरायला हवा, कारण प्राथमिक शाळेत डिजिटल तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा वापर आज शिकवण्यासाठी होत नाही. २०१५ मध्ये शाळांची माहिती ऑनलाइन भरण्याची ‘सरल’ प्रणाली आली तेव्हा एकदा माहिती भरली की कागद संपतील असं वाटलं होतं. त्यानंतर पोषण आहाराची रोजची नोंद, उपक्रमांची छायाचित्रं, निरनिराळ्या ऑनलाइन अर्जांतून मागवलेली तीच ती माहिती, प्रशिक्षणाची ऑनलाइन प्रमाणपत्रं यांची भर पडत गेली. दोन-शिक्षकी शाळेत लिपिक नसतो. रेंज मिळेल तिथे जाऊन हे काम शिक्षकच करतात, आणि ते करताना त्यांच्या दोन्ही इयत्तांकडे पाहणारं कुणी नसतं. दिवसाला अर्धा तास जरी असा गेला, तरी २०० दिवसांत १०० तास होतात. सुरुवातीच्या हिशेबात शिक्षकाचे दोन इयत्तांना मिळून जे तास धरले होते, त्यांतून हे शंभर वजा करावे लागतात. एखाद्या जिल्ह्याला आपल्या शाळा खऱ्या अर्थाने डिजिटल करायच्या असतील, तर नव्या निविदेआधी तो एक काम करू शकतो: आपल्या कार्यालयातून शिक्षकांकडे वर्षभरात किती वेगवेगळ्या नोंदी मागितल्या जातात त्याची यादी करायची, त्यातल्या पुन्हापुन्हा मागितलेल्या रद्द करायच्या, आणि उरलेल्या शाळा सुटल्यावर किंवा केंद्रावरच्या एखाद्या कर्मचाऱ्याने भरायच्या असं लेखी ठरवायचं. त्यासाठी एकही टॅब विकत घ्यावा लागणार नाही, आणि तिसरी-चौथीच्या वर्गाला त्यांच्या बाई रोज अर्धा तास परत मिळतील.